दोन दोर आणि दहा किलो गहू

वीसपैकी चार गुण मिळालेला पेपर मी चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत तळाशी सारला आणि घरी आलो. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो आणि माझी मुलगी अकरावीला होती.

सातपूरच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये कामाला होतो. आयटीआय झाल्या झाल्या विसाव्या वर्षी लागलो, तो अठरा वर्षं एकाच खात्यात. डाय, जिग, फिक्स्चर असे साचे आणि पकडी, जे काही बारीक मापाचं काम असेल ते माझ्याकडे यायचं. कोन लावायचा असला की हमखास. आमच्याकडे साइन बार नावाची एक पोलादी पट्टी होती, दोन टोकांना दोन रोलर बसवलेली. तिचं एक टोक सपाट प्लेटवर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाखाली मोजून ठोकळे रचायचे. किती उंचीचे ठोकळे रचले की किती अंशांचा कोन होतो, ते पाहायला एक तक्ता होता. तेल लागून तो काळा पडला होता, पण मला निम्मा तोंडपाठ होता. कोनाचा साइन काढायचा, पट्टीच्या लांबीने गुणायचं, आली उंची. माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं होतं की साइन म्हणजे उभं माप. हेच मला पुढे नडलं.

डिप्लोमाला जायचं कसं ठरलं ते सांगतो. खात्याचे सुपरवायझर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक नवा मुलगा आला. मुलगा चांगला होता, खोटं बोलणार नाही. मला काका म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने एक ड्रॉइंग माझ्यासमोर धरलं आणि हळूच विचारलं, "काका, हा कोन आपण कसा सेट करतो?" मी करून दाखवला. संध्याकाळी मॅनेजर साहेबांना भेटलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये स्वतःहून गेलो होतो. म्हटलं, "साहेब, त्या जागेसाठी माझा विचार झाला होता का?"

ते म्हणाले, "तुमचं काम कसं आहे ते मला सांगावं लागत नाही. पण त्या पोस्टला डिप्लोमा लागतो. तुमच्याकडे तो असता तर आज मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नसता."

बाहेर येऊन मी सायकल स्टँडवर पाच मिनिटं उभा राहिलो. मग घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, "मी डिप्लोमाला बसणार."

"बसा की," ती म्हणाली. तिने एवढंच विचारलं, की जेवण क्लासच्या आधी करणार की नंतर.

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा डिप्लोमा होता, चार वर्षांचा. सकाळी सातची पाळी साडेतीनला सुटायची, सहा ते नऊ वर्ग. आमच्या वर्गात सगळे कारखान्यांतले, सातपूरचे, अंबडचे, दोघं देवळाली कॅम्पहून येणारे. बहुतेक पंचविशीतले. माझ्यासारखा डोक्यावर पांढरं झालेला आणखी एकच जण होता, आणि दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला.

मेकॅनिक्स शिकवायला जे सर होते ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि मराठीत समजावायचे. सदिश म्हणजे व्हेक्टर, ज्याला मापही आहे आणि दिशाही आहे. तिरक्या बळाचे दोन तुकडे करायचे, एक आडवा आणि एक उभा; त्याला घटक पाडणं म्हणायचं. मग सगळे आडवे घटक एकत्र, सगळे उभे एकत्र. वस्तू जागची हलत नसेल तर डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीइतकी आणि वरची खालच्याइतकी. ऐकताना सगळं सरळ वाटायचं. वही बंद करून बसलो की काही उरायचं नाही.

पहिल्या चाचणीत ते चार गुण मिळाले. पेपर परत देताना सरांनी माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "तुमच्या हातात कौशल्य आहे, हे तुमच्या आकृतीवरूनच कळतं. एवढी स्वच्छ आकृती वर्गात कुणाची नाही. पण आकृतीखालचं गणित आकृतीशी जुळत नाही. ही दहा उदाहरणं घरून करून आणा. पुढच्या सोमवारी."

दहांतलं तिसरं उदाहरण असं होतं. दोनशे न्यूटन वजनाची एक वस्तू दोन दोरांनी छताला टांगली आहे. एक दोर उभ्या रेषेशी तीस अंशांचा कोन करतो, दुसरा पंचेचाळीस अंशांचा. प्रत्येक दोरावर ताण किती?

मी ते मंगळवारी पहाटे पाळीवर जायच्या आधी केलं. पहिल्या दोराचा ताण आला एकशे सेहेचाळीस पूर्णांक चार. पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं, तेच होतं. इतका आनंद झाला की चहा गार झाला तरी कळलं नाही. मग दुसरा दोर. माझं उत्तर एकशे एकोणऐंशी पूर्णांक तीन. पुस्तकाचं एकशे तीन पूर्णांक पाच.

एक उत्तर बरोबर आणि एक चूक. दोन्ही चुकली असती तर मी पहिल्यापासून खोडून नव्याने सुरुवात केली असती. पण अर्धं जुळत होतं, म्हणजे रीत बरोबर असणार आणि कुठे तरी आकडेमोड चुकली असणार, असं मी धरून चाललो. बुधवारी परत केलं. तेच आलं. गुरुवारी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कोष्टक घेऊन केलं. तेच. उलट तपासून पाहिलं, तर माझ्या दोन ताणांचे उभे घटक मिळून बरोब्बर दोनशे भरत होते! त्र्याहत्तर पूर्णांक दोन आणि एकशे सव्वीस पूर्णांक आठ. मग चूक कुठे? मला वाटायला लागलं, पुस्तकच चुकीचं छापलंय.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मी टूलरूमच्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने तेच उदाहरण मांडत होतो. नवा सुपरवायझर मागे येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही.

"काका, हे आमच्या पहिल्या वर्षाचं. सोडवून देऊ?"

त्याने खरंच चांगल्या मनाने विचारलं होतं. मी हाताने दारावरचा खडू पुसला. "नको साहेब. मी सोडवतो."

"चूक एकाच ठिकाणी आहे—"

"सांगू नका," मी म्हटलं. थोडं जोरातच म्हटलं असेन, कारण तो निघून गेला. मला वाईट वाटलं, पण त्याच्याकडून उत्तर घेऊन ते सरांना दाखवायचं नव्हतं मला.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझा घडी घातलेला पेपर उलगडून टेबलावर ठेवलेला होता. बायकोने पिशवी धुवायला काढली होती, तेव्हा सापडला. तिने तो मुलीला दाखवला नव्हता, फक्त ओला होऊ नये म्हणून बाजूला ठेवला होता. पण मुलीने पाहिलाच.

"पप्पा, हे तर आमचंच चॅप्टर आहे!"

मुलीसमोर वीसपैकी चार घेऊन बसायची वेळ याआधी कधी आली नव्हती. तिच्या सातवीच्या गणितात चौदा पडले तेव्हा मी तिला किती सुनावलं होतं, तेही आठवलं. तिला आठवलं असेल तर तिने दाखवलं नाही. तिने खुर्ची ओढली. "कुठलं अडलंय?"

मी तिसरं उदाहरण दाखवलं. तिने पाच मिनिटांत सोडवलं. एकशे सेहेचाळीस पूर्णांक चार, एकशे तीन पूर्णांक पाच. पुस्तकातलंच उत्तर.

"तुम्ही साइन आणि कॉस उलटे घेतलेत," ती म्हणाली. "उभ्या घटकाला कॉस घ्यायचा होता."

"उभ्याला साइन असतो."

"नेहमी नसतो."

"अठरा वर्षं मी साइन लावून उंची काढतोय."

"इथे कोन उभ्या रेषेशी दिलाय ना, म्हणून उभ्याला कॉस. कोन आडव्याशी दिला की उभ्याला साइन. आमच्या सरांनी पाठच करायला सांगितलंय."

"पण का?"

"का म्हणजे... तसंच आहे ते."

मला पाठ करायचं नव्हतं. सोमवारी माझ्या सरांनी तिसराच कोन दिला असता तर मी परत अडकलो असतो. आणि तिच्या उत्तराकडे पाहता पाहता दुसरंच काही तरी मला खुपायला लागलं. मी तिचे दोन आकडे मिळवले. अडीचशे.

"हे बघ. वजन दोनशे. मग दोन दोर मिळून अडीचशे कसे पेलतील? दोन माणसांनी दोनशेचं पोतं उचललं तर एकाच्या वाट्याला शंभर येईल, नाही तर एकाला सव्वाशे आणि दुसऱ्याला पंचाहत्तर. बेरीज दोनशेच्या वर जायची कशी? वरचे पन्नास आले कुठून?"

"गणितात तसं येतंय, पप्पा."

"मग गणित चूक आहे. तुझंही आणि पुस्तकाचंही."

"तुमच्या उत्तराची बेरीज तर सव्वातीनशे होतेय!"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने चिडून वही मिटली. बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ती ताटातून नजर न उचलता म्हणाली, "कपड्यांची दोरी तुम्ही दोनदा ताणून बांधलीत आणि दोनदा तुटली. ओली चादर टाकली की तुटायची. आता मी सैल बांधलीय, तीच चादर, तीच दोरी. तुटत नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मला काय माहीत. दोरीचं चाललंय म्हणून सांगितलं."

मी हसण्यावारी नेलं. पण जेवताना तेच डोक्यात फिरत राहिलं. चादर तेवढ्याच वजनाची. मग ताणलेल्या दोरीवर जास्त जोर कुठून आला? टूलरूममध्ये कुठल्याही मापाबद्दल वाद झाला की आम्ही बोलत बसायचो नाही, वस्तू प्लेटवर ठेवून मोजायचो. मी मुलीला म्हटलं, "उद्या रविवार आहे. टांगून बघू."

आमच्या घराच्या ओट्यावर झोपाळ्यासाठी छतात दोन कड्या होत्या, चार फुटांवर. मी सकाळी झोपाळा काढून ठेवला. दोर होता. वजनाला दहा किलो गव्हाची पिशवी होती. ताण मोजायला काय? मुलगीच म्हणाली, "रद्दीवाल्याचा काटा." आमच्याकडे दर रविवारी एक रद्दीवाला यायचा, त्याच्याकडे हुकाचा स्प्रिंगचा काटा असायचा, पंचवीस किलोपर्यंतचा. रद्दीचा गठ्ठा अडकवायचा, काटा खाली जायचा. असे दोन हवे होते.

तो दहाच्या सुमारास आला. मी त्याला दोन तासांसाठी काटा मागितला, आणि आणखी एक मिळेल का विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. "काटा खोटा नाय माझा, भाऊ. इतक्या वर्षांत कोणी बोललं नाय."

"अहो, तुमचा काटा तपासायचा नाही. पोरीचा अभ्यास आहे." माझा अभ्यास आहे असं म्हणायचं धाडस झालं नाही.

त्याने माझ्याकडे, झोपाळ्याच्या मोकळ्या कड्यांकडे आणि गव्हाच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, भाऊ पलीकडच्या गल्लीत आहे, त्याचा आणतो. आणि आणलाही. पण काटे सोडून जायला तयार होईना, ओट्याच्या पायरीवर बसून राहिला.

मापाची साधनं आधी तपासायची, ही सवय माझ्या हाडात होती. मी तीच पिशवी आधी एका काट्याला टांगली. दहा. मग दुसऱ्याला. साडेनऊ. आम्ही तिघंही रद्दीवाल्याकडे न पाहता वहीत पाहत राहिलो.

"तो भावाचा हाय," रद्दीवाला पायरीवरून म्हणाला.

मी वहीत लिहिलं, दुसरा काटा अर्धा किलो कमी दाखवतो. मग दोन्ही काटे दोन कड्यांना लावले, त्यांना दोर बांधले, आणि दोर जिथे एकत्र येतात त्या गाठीला पिशवी टांगली. गाठीच्या रेषेत ओळंबा सोडला आणि मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन पाहिले. दोर कमीजास्त करत, गाठी सोडत-बांधत तीस आणि पंचेचाळीस जुळायला पाऊण तास लागला. बायकोने दोनदा येऊन विचारलं, गहू खाली सांडणार नाहीत ना. मुलगी स्टुलावर चढून काटे वाचत होती.

"तीस अंशांचा... सव्वासात."

मी लिहिलं.

"पंचेचाळीसचा... पाचला थोडा कमी. पावणेपाच धरा."

त्यात कमी दाखवलेला अर्धा किलो मिळवला. सव्वापाच. बेरीज साडेबारा.

दहा किलो गहू समोर लटकत होते आणि काटे मिळून साडेबारा दाखवत होते. मी स्वतः स्टुलावर चढलो. दोन्ही काटे पुन्हा वाचले. तेच. दोनशेला अडीचशे तसे दहाला साडेबारा, तंतोतंत पुस्तकातल्या प्रमाणात. जास्त उभ्या दोरावर जास्त ओझं होतं आणि जास्त तिरक्यावर कमी. माझ्या उत्तरात नेमकं उलटं आलं होतं. तिरका दोर जास्त ओढतोय असं मी चार दिवस लिहीत होतो आणि ते मला एकदाही विचित्र वाटलं नव्हतं.

"आता वरचे अडीच किलो कुठून आले ते शोधू," मी म्हटलं.

मुलगी स्टुलावरून उतरली. मी तिला पंचेचाळीसचा दोर कडीतून सोडून हातात धरायला सांगितला. ती ओट्याच्या त्या टोकाला हात वर करून, दोर त्याच तिरकसपणे धरून उभी राहिली, आणि लगेच पाय रोवून मागे कलली.

"पप्पा, हे मला तिकडे ओढतंय!"

"खाली नाही ओढत?"

"खाली पण. पण तिकडे जास्त वाटतंय. त्या दुसऱ्या दोराकडे."

मग तिची जागा मी घेतली. ती म्हणाली होती तसंच होतं. दोराच्या बळाचा एक घटक पिशवी उचलण्यात जात होता, आणि दुसरा समोरच्या दोराशी ओढाताण करण्यात. ती आडवी ओढ दोन्ही दोरांची सारखीच होती, एकीने दुसरीला अडवलेलं होतं, म्हणून पिशवी जागची हलत नव्हती. गहू उचलायला तिचा काही उपयोग नव्हता, पण दोराला मात्र ती सोसावी लागत होती. दोन माणसांचं माझं उदाहरण सरळ उभ्या हातांनी उचलण्याचं होतं. हात फाकवून उचलायला लागलं असतं तर त्यांनाही जास्त जोर लावावा लागला असता.

मी दोर परत बांधला आणि पेन्सिल घेऊन दोरामागच्या भिंतीवर त्याच तिरकसपणे रेघ मारली. त्यापुढे ओळंब्याची उभी रेघ. मग वरून आडवी. त्रिकोण झाला. बायको म्हणाली, "भिंतीवर?"

त्या त्रिकोणासमोर मी बराच वेळ उभा होतो. कोन होता दोर आणि ओळंबा यांच्यामध्ये, म्हणजे उभी बाजू कोनाला लागून होती. माझ्या साइन बारवर कोन असायचा पट्टी आणि आडव्या प्लेटच्या मध्ये, तिथे ठोकळ्यांची उंची कोनाच्या समोर यायची. साइन म्हणजे उभं माप नव्हतंच कधी. साइन म्हणजे कोनाच्या समोरची बाजू. माझ्या कामात समोरची बाजू दर वेळी उभीच असायची, म्हणून मी अठरा वर्षं दोन्ही एकच समजत होतो. इथे कोनाची जागा बदलली होती आणि मी बदललो नव्हतो.

"बघ," मी मुलीला म्हटलं, "पाठ करायची गरजच नाही. कोन कुठे बसलाय ते बघायचं. त्याला चिकटलेली बाजू कॉस, समोरची साइन."

तिने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या वहीतल्या नियमाकडे. पेनने तो नियम खोडला. "हे सरांनी असं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल. आपण पोतं टांगलेलं नव्हतं तेव्हा."

मग तिने विचारलं, दोर अजून आडवे केले तर? मी दोन्ही दोर आखूड केले आणि गाठ वर घेतली, दोन्ही बाजूंना सारखा कोन, आडव्याशी साधारण तीस अंश. काटे दहा-दहा दाखवू लागले. दुसऱ्यातली चूक धरून. दहा किलोच्या पिशवीला वीस किलोचा ताण. रद्दीवाला पायरीवरून उठला आणि जवळ आला. अजून वर घेतली. पंधरा, सोळा. मुलीने आधीच गणित करून ठेवलं होतं, पंधरा अंशांवर एकोणीसच्या वर जाईल म्हणून. अठरा झाले. साडेअठरा. छतातून बारीक चुना गळला.

"पुरे," बायको म्हणाली. "कडी निघून येईल."

"भाऊ, काटा तुटेल माझा," रद्दीवालाही म्हणाला.

मी पिशवी उतरवली. बायकोने ती उचलून आत नेली आणि जाता जाता म्हणाली, "मी काल काय सांगत होते?" तिचं म्हणणं मी मान्य केलं. मोठ्याने, मुलीसमोर, रद्दीवाल्यासमोर मान्य केलं.

त्या दुपारी मी दहाच्या दहा उदाहरणं केली. प्रत्येक आकृतीत आधी कोन कुठे बसलाय ते बोटाने दाखवायचं, मग पेन उचलायचा. सातव्या उदाहरणात पुन्हा जुन्या सवयीने साइन लिहिला, तो खोडला. नववं दोनदा करावं लागलं. सोमवारी वही दिली. सरांनी तिथेच उभ्याने चाळली, तिसऱ्या उदाहरणावर थांबले. तिथे मी पुस्तकाच्या उत्तराखाली काट्यांचे आकडे लिहिले होते.

"हे काय आहे?"

"टांगून पाहिलं, सर. दहा किलो गहू."

ते हसले नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गाला सांगायला लावलं. खडू हातात घेऊन लोकांसमोर उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. आकृती मात्र नीट आली. मागून एकाने विचारलं, "बेरीज जास्त कशी?" मी त्याला पुढे बोलावलं, माझ्या रुमालाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, एक माझ्या हातात ठेवलं, मध्ये सरांचं डस्टर अडकवलं आणि म्हटलं, रुमाल सरळ करून दाखव. तो ओढत राहिला, मी ओढत राहिलो. रुमाल काही सरळ झाला नाही.

वार्षिक परीक्षेत मेकॅनिक्समध्ये मला शंभरपैकी एकाहत्तर पडले. हे वाचून कुणाला वाटेल की पुढे सगळं सोपं गेलं. तसं झालं नाही. गणिताचा दुसरा पेपर मी दोनदा नापास झालो. इंग्रजीतून उत्तरं लिहायची सवय व्हायला दोन वर्षं गेली. चार वर्षांचा डिप्लोमा मी साडेपाच वर्षांत केला. त्या काळात कारखान्यातल्या ऑर्डरी कमी झाल्या, टूलरूममधली निम्मी माणसं इतर खात्यांत गेली, आणि ज्या जागेसाठी मी हे सुरू केलं होतं ती जागाच राहिली नाही. नवा सुपरवायझर पुण्याला गेला. जायच्या आधी त्याने त्याची मेकॅनिक्सची जाडजूड पुस्तकं मला आणून दिली. कपाटाच्या दारापाशी मी त्याच्यावर ओरडलो होतो, त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती तेव्हा मागितली. तो म्हणाला, "काका, मला तर बरं वाटलं होतं. आमच्या वर्गात सगळे उत्तर मागायला यायचे."

मुलगी बारावीनंतर फार्मसीला गेली. दोर आणि वजनं तिला पुढे कधी लागली नाहीत. पण माझ्या गणिताच्या पेपराच्या आधी ती सुट्टीत घरी यायची आणि माझ्यासमोर घड्याळ लावून बसायची. "पप्पा, तीन तास. मध्ये उठायचं नाही." मी उठायचो नाही.

शेवटी गणिताचा तो एकच पेपर उरला होता; त्याच्या तिसऱ्या वेळच्या निकालाच्या दिवशी मी पहिली पाळी करून थेट गेलो. बोर्डावर कागद लावलेले होते आणि पोरांची गर्दी होती. एका पोराने मला वाट करून दिली, त्याला वाटलं मी कुणाचा तरी बाप निकाल बघायला आलोय. मी माझा नंबर शोधला. बोट ठेवून ओळ वाचली. पहिल्यांदा वरची ओळ वाचतोय की काय असं वाटलं, म्हणून पट्टी धरतात तशी वही खाली धरली आणि पुन्हा वाचली. पास.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मुलीच्या होस्टेलला फोन लावला. तिला बोलवायला कुणी तरी वर गेलं, मी वाट पाहत उभा राहिलो.

"किती पडले?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"त्रेचाळीस."

"चाळीसला पास ना?"

"हो."

"मग तीन जास्तच आहेत," ती म्हणाली, आणि फोनवरच मैत्रिणींना ओरडून सांगू लागली की तिचे पप्पा इंजिनिअर झाले. मी तिला म्हटलं, इंजिनिअर नाही, डिप्लोमा. तिने ऐकलं नाही.

दोन महिन्यांनी अंबडच्या एका लहान कारखान्यात मी टूलरूमचा प्रमुख म्हणून लागलो. खाली सहा माणसं होती, चार आयटीआयची, दोन नुसती हाताखाली शिकलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं, रोज डबा खाल्ल्यावर पंधरा मिनिटं माझ्यासोबत बसायचं, ज्याला डिप्लोमाचा फॉर्म भरायचा असेल त्याने. पहिल्या दिवशी एकच जण आला, एक लेथवाला, वयाने चाळिशीच्या पुढचा. वही नव्हती त्याच्याकडे. मी माझ्या वहीतली पानं फाडून दिली आणि आम्ही सुरुवात केली.